लाल पट्टीची पुस्तकं

वाचनालयाचे माननीय अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळातील सर्व सभासद यांस,



हे पत्र बंद पाकिटात घालून कार्यालयात देता आलं असतं. याआधी तसंच केलं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. सचिवांना भेटले, तर ‘बाई, विषय संपलाय, आता कशाला उकरून काढता?’ एवढं ऐकून घरी आले. विषय संपलेला नाही. तो ज्या रीतीनं संपवला ते माझ्या जिव्हारी लागलं आहे. ज्या संस्थेच्या पायऱ्या मी परकरातल्या वयापासून चढते आहे, तिच्याविषयी मनात अढी धरून राहणं मला जमत नाही. म्हणून उघडपणे लिहिते. बाकीच्या सभासदांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सकाळी निरोप आला. ‘कारागृह वाचनवर्गास पुस्तके देण्याचा उपक्रम तूर्त स्थगित करण्यात येत आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.’ बैठकीला मला बोलावलं नव्हतं. आधी कुणाचा फोनही आला नव्हता. दर गुरुवारी पुस्तकं घेऊन आत जाणार मी, नेल्या-आणल्याची वही ठेवणार मी, आणि निर्णय मला ग्रुपवर कळावा? तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं माझ्या हाताखाली मराठी शिकली. मानपानाची हौस मला कधी नव्हती, पण मी एवढी परकी केव्हा झाले?

तुरुंगानं नको म्हटलं असतं तर मी निमूट ऐकलं असतं. तिथं माणसं कमी, कामं फार, सुरक्षेची जबाबदारी मोठी. एखादा अधिकारी बदलला की आधीचं सगळं थांबतं, हेही कळतं. पण तुरुंगानं नको म्हटलेलं नाही. अधीक्षकांची परवानगी कायम आहे. तिथले शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, ते गेटवर भेटले की अजून विचारतात, ‘बाई, या वेळी काय आणलं?’ पुस्तकं नाकारली ती पुस्तकांच्या घरानं.

ज्यांना हा वर्ग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते.

आपल्या गावच्या कारागृहातलं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात हरिपाठ, पोथ्या, कुणीतरी रद्दीऐवजी दान केलेले जुने दिवाळी अंक, स्पर्धा परीक्षांची कालबाह्य झालेली गाइडं आणि यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी पुस्तकं. कपाट उघडून बसलं तरी वाचणार कोण, हा प्रश्न होताच. आतल्यांपैकी काही चांगले शिकलेले आहेत, पण बरेच जण चौथी-पाचवीला शाळा सोडून ऊसतोडीला, वीटभट्टीला, गाडीवर क्लीनर म्हणून गेलेले. अक्षर लावता येतं, पण पान संपेपर्यंत दम टिकत नाही. म्हणून गुरुजींनी सुचवलं की पुस्तकं नुसती देऊ नका, बसून वाचून दाखवा. तेव्हा तुमच्याकडे अर्ज केला आणि तुम्ही तो आनंदानं मंजूर केलात. त्याबद्दल मी त्या वेळीही आभार मानले होते, आजही मानते.

दुपारी जेवणं झाली की आत बंदी होते, म्हणजे सगळे बॅरकीत. तीनच्या सुमाराला बॅरकी उघडतात, तेव्हा आमची वेळ. मोबाइल आणि पर्स गेटवर ठेवायची, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, महिला शिपाई झडती घेणार, मग पुस्तकांची झडती. एकेक पान उलटून बघतात. पुठ्ठ्याच्या बांधणीत काही लपवता येतं, म्हणून जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आत जात नाही. आणि आपल्या वाचनालयाची पुस्तकं तर सगळी पुठ्ठा बांधणीची. तेव्हा आपल्या ग्रंथपाल ताईंनी मार्ग काढला. पाठ उसवलेली, पुनर्बांधणीसाठी बाजूला काढलेली पुस्तकं त्यांनी निवडली, त्यांचे पुठ्ठे काढले आणि जाड दोऱ्यानं टाके घालून दिले. आत गेली ती पुस्तकं ही अशी होती, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजी टाकून बसतो. कुणी ऐकायला येतो, कुणी नुसतं तासभर बॅरकीबाहेर बसायला मिळतं म्हणून येतो. जिथं क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेली असतात तिथं एवढी मोकळी हवासुद्धा थोडी नसते. म्हणून मी कुणाला कधी हटकलं नाही. आणि मी कुणाला त्याचा गुन्हाही विचारत नाही. पहिल्याच दिवशी गुरुजींनी सांगितलं होतं, ‘बाई, केस विचारायची नाही.’ तो नियम मी पाळला आहे.

सुरुवात शंकर पाटील आणि मिरासदारांच्या कथांनी केली, कारण त्या मोठ्यानं वाचण्यासाठीच जन्मल्या आहेत. माडगूळकरांच्या जोडीनं या दोघांनी कथाकथनाच्या कार्यक्रमांतून गावंच्या गावं हसवली, हे आपल्या पिढीला सांगायला नको. आतही हशा पिकला. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. मग ‘बनगरवाडी’ घेतली.

‘बनगरवाडी’बद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमच्या बैठकीत तीच टेबलावर होती.

ही कादंबरी मी शाळेत अनेकदा शिकवली. मला ती पाठ आहे असं मी समजत होते. तिथं सतरंजीच्या कडेला एक वयस्कर गृहस्थ बसत, जातीनं आणि धंद्यानं धनगर. वाचता येत नव्हतं. मेंढरं कोंडायच्या वाघरीबद्दल बोलणं निघालं आणि मी आपली मास्तरकीच्या सवयीनं सांगून टाकलं, ‘वाघर म्हणजे जाळी.’ ते म्हणाले, ‘जाळी न्हवं बाई, नुसती जाळी न्हवं.’ मग त्यांनी कुणाचा तरी टॉवेल मागितला, चार जणांना चार कोपऱ्यांवर बसवलं आणि मेखा कुठं ठोकायच्या, वारा कुठनं येतो ते बघून तोंड कुठं ठेवायचं, कोकरं कुठल्या अंगाला, रात्री कुत्रं कुठं बसतं, सगळं हातानं दाखवलं. त्या दिवशी वाचन झालं नाही. त्यांचंच ऐकलं. एरवी कुणाशी न बोलणारा माणूस, असं नंतर गुरुजींनी सांगितलं. पुढच्या गुरुवारपासून कुणी नवा आला की जुने लोक त्याला म्हणायचे, ‘मेंढरांचं काही आलं की बाबांना विचार.’

दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते तो भाग वाचताना शेडमध्ये कुणी हललं नाही. ज्यांच्या घरचं कुणी दुष्काळात जगायला बाहेर गेलेलं आहे, अशी निम्मी माणसं तिथं होती.

याच पुस्तकाची काही पानं गेली. हो, गेली. माझ्या वहीत तशी नोंद आहे आणि ती मीच तुम्हाला कळवली. पुस्तक आठवडाभर बॅरकीत राहतं, तिथं कोरा काय, छापील काय, कागद मिळाला की तंबाखू वळायला जातो. कुणी फाडली ते कळलं नाही. वर्गातल्यांना मात्र फार लागलं. एक तरुण पोरगा आहे, बारावीपर्यंत शिकलेला, केस अजून उभी राहिलेली नाही. तो म्हणाला, ‘बाई, तुमच्या घरची प्रत आणा, मी उतरवून देतो.’ मी आणली. त्यानं वहीचे कागद पुस्तकाच्या मापाचे फाडले, दुसऱ्या कागदाच्या घडीच्या कडेनं आधी फिकट रेघा मारल्या आणि हरवलेला मजकूर शब्द न् शब्द उतरवला. छापील पानावर ओळ जिथं संपते तिथंच त्याचीही ओळ संपते. नंबरसुद्धा तसेच, पानाच्या डोक्यावर. डिंक आत मिळत नाही, म्हणून भाताची शितं चुरडून त्यानं ती पानं चिकटवली.

वाचनालयाच्या इतिहासात कुठल्या सभासदानं हरवलेलं पान असं भरून दिलं आहे? पुरवणीचे कूपन कापून नेलेले अंक आपल्याकडे आहेत. कवितासंग्रहांतून आवडलेली कविता ब्लेडनं कापून नेणारे सभासद आहेत. ते कोण, हेही आपल्याला माहीत आहे. त्यांची सभासदत्वं चालू आहेत.

आणि तुमच्या बैठकीत ते पुस्तक दोन बोटांत धरून वर उचललं गेलं, ‘बघा, ही अवस्था करून पाठवतात’ असं म्हटलं गेलं, हे मला बैठकीत हजर असलेल्या एका सभासदानं सांगितलं. पुठ्ठा नसलेलं, उसवलेलं पुस्तक आपणच दिलं होतं. ज्यांनी ते उचललं त्यांना मी विचारते, तुम्ही ती पानं वाचलीत का? एकदा डोळ्यांखालून घातली असतीत तर तुम्हाला तो पुरावा दुसऱ्याच गोष्टीचा दिसला असता.

आता त्या लाल पट्टीविषयी. आमच्याकडून परत आलेल्या पुस्तकांच्या पाठीवर लाल चिकटपट्टी लावून ती वेगळ्या फळीवर ठेवायला सांगितलं, असं ताईंकडून कळलं. अभिप्राय वहीत कुणीतरी लिहिलं होतं, ‘कैद्यांनी हाताळलेली पुस्तके वेगळी ठेवावीत, आमच्या घरी लहान मुले आहेत.’ मी ती वही स्वतः जाऊन पाहिली. ते वाचून मला माझ्या लहानपणी काही घरांत मागच्या ओसरीवर पालथी घालून ठेवलेली वेगळी कपबशी आठवली. ती कुणासाठी असायची हे आपण सगळेच जाणतो. कागदाला विटाळ होतो हे मी शिकलेल्या माणसांच्या संस्थेत या वयात ऐकेन असं वाटलं नव्हतं.

हे मी उगाच म्हणत नाही. तीन-चार वर्षांमागे आपल्या व्याख्यानमालेत दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांवर कार्यक्रम झाला. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘उचल्या’ यांवर वक्ते बोलले, सभागृह भरलं होतं, समोरच्या रांगेत डोळे पुसणारे कितीतरी होते. मीही पुसले. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण शिक्का गेला नाही, हे तिथं सांगितलं गेलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. तेच ‘उचल्या’ मी आत वाचलं. एक जण होता, पारधी वस्तीवरचा. पोलीस मारतात तो भाग आला तसा म्हणाला, ‘फुडं वाचू नका.’ मी पुस्तक मिटलं, दुसरी एक गोष्ट वाचली. पुढच्या गुरुवारी तो सगळ्यात आधी येऊन बसला आणि म्हणाला, ‘थांबलो हुतो तिथनं धरा.’ मंडळातल्या सभासदांनो, आपण ज्याच्यासाठी सभागृहात रडलो तो हा माणूस होता. त्याच्या हातातलं पुस्तक परत आलं, तर त्याला आपण लाल पट्टी लावली.

वकीलसाहेब, तुम्ही अध्यक्ष आहात आणि तुमची हयात कोर्टात गेली, म्हणून पुढचं तुम्हाला उद्देशून. ‘कैद्यांना पुस्तकं पुरवणं हे शासनाचं काम, आपलं नव्हे,’ असं तुम्ही म्हणालात. शासनाचं काम आहेच. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मान्य केलेल्या मंडेला नियमांत चौसष्टावा नियम तोच आहे: प्रत्येक तुरुंगात सर्व प्रकारच्या कैद्यांसाठी ग्रंथालय असावं, त्यात करमणुकीची आणि ज्ञानाची दोन्ही पुस्तकं असावीत आणि कैद्यांना ती वापरायला उत्तेजन द्यावं. पण आपल्या दारावरच्या पाटीवर ‘सार्वजनिक’ हा शब्द आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपण अनुदान घेतो. तुरुंग गावाच्या हद्दीत आहे, आणि त्यातली माणसं याच जिल्ह्यातली आहेत. ती जनतेतून वगळल्याचा ठराव कुणी केला?

तुम्हाला सांझगिरींचा खटला माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार. तरी इतर सभासदांसाठी लिहिते, कारण तो आपल्या भाषेचा खटला आहे. प्रभाकर पांडुरंग सांझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथं त्यांनी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, ‘अणूच्या अंतरंगात’. हस्तलिखित प्रसिद्धीसाठी बाहेर, पत्नीकडे पाठवण्याची परवानगी त्यांनी मागितली. सरकारनं नाकारली. ते उच्च न्यायालयात गेले, जिंकले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर १९६५ मध्ये तिथंही हरलं. सरकारचं म्हणणं असं की स्थानबद्धाला नियमांनी दिल्या तेवढ्याच सवलती, पुस्तक लिहून छापायची सवलत त्यांत नाही. न्यायालयानं सांगितलं की नियमांत त्याला मनाई नाही, म्हणून ते अडवता येणार नाही. एका मराठी विज्ञानपुस्तकामुळे हा निकाल लागला. पुढे १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात शिक्षा झालेल्या कैद्यांबाबतही सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. तुम्ही हे कनिष्ठ वकिलांना शिकवलं असेल. मग आपल्याच संस्थेच्या टेबलावर ते का आठवलं नाही?

आणि कैदी कैदी म्हणताना आपण कुणाबद्दल बोलतो तेही एकदा पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चारांतले तीन जण कच्चे कैदी आहेत. म्हणजे ज्यांचा खटला अजून चालायचा किंवा संपायचा आहे, ज्यांना कोणत्याही न्यायालयानं दोषी म्हटलेलं नाही. आपल्या गावच्या तुरुंगात तर बहुतेक तेच. ‘तारीख पडली’ हे दोन शब्द मी तिथं जितके ऐकले तितके आयुष्यात ऐकले नव्हते. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून बसलेली माणसं तिथं आहेत.

पण मंडळातल्या एका ताईंनी जे म्हटलं त्याला या आकड्यांनी उत्तर मिळत नाही, हे मला कळतं. त्या म्हणाल्या, ‘ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना काय वाटेल? त्यांच्या मारेकऱ्यांना गोष्टी वाचून दाखवता?’ ताई, तुमच्या घरावर काय गुदरलं ते मला माहीत आहे. अंत्ययात्रेला मी होते. तुमच्या बोलण्याचा मला राग आला नाही, या सगळ्या प्रकरणात राग न आलेली तेवढी एकच गोष्ट आहे. मी तुमच्याकडे क्षमा मागत नाही, कुणासाठीही नाही. क्षमा करायची की नाही हा तुमचा अधिकार, त्यात तिसऱ्यानं पडू नये. शिक्षा कमी व्हावी असंही मी कधी म्हटलेलं नाही. ब्राझीलमध्ये २०१२ पासून एक पुस्तक वाचून त्यावर लिहून दिलं की शिक्षेचे चार दिवस कमी होतात, वर्षाला बारा पुस्तकांपर्यंत. तसलं काही मी मागितलेलं नाही. मी मागते ते एवढंच, की तुरुंगात राहणं ही जी शिक्षा आहे तिच्यात आपण आपल्या पदरची भर घालू नये. ती माणसं आत कितीही वर्षं राहोत, एक दिवस बहुतेक जण बाहेर येणार, याच एसटी स्टँडवर उतरणार. मधली वर्षं त्यांच्या डोक्यात काय चाललेलं असावं, याचा विचार तुमच्या-माझ्यासारख्यांनीच करायला हवा. तरीही तुमचं मन होत नसेल तर मी तुम्हाला दोष देणार नाही. पण बाकीच्या मंडळानं तुमचं दुःख पुढे करून आपला विटाळ त्याआड लपवला, हे मला सहन झालं नाही. तुम्हालाही होऊ नये.

वाचनालयाच्या मधल्या हॉलमध्ये लोकमान्यांची तसबीर आहे, साने गुरुजींची आहे, विनोबांची आहे. १ ऑगस्टला, ११ जूनला हार घातले जातात. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिलं. त्यासाठी त्यांना पुस्तकं मिळत होती, शेकड्यांनी मिळत होती. सुटताना हस्तलिखित सरकारनं ठेवून घेतलं, मग परत केलं आणि १९१५ साली ते छापून आलं. परक्या सरकारनं सहा वर्षांची शिक्षा दिलेल्या माणसाला पुस्तकं दिली. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आणि त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, समोर कैदी बसत, साने गुरुजी लिहून घेत. फेब्रुवारी ते जून १९३२. त्यातून ‘गीता प्रवचने’ झाली. वाचनालयात तिच्या किती आवृत्त्या आहेत ते ग्रंथपाल ताईंना विचारा. आठवड्यातला एक वार ठरवून, एक पुस्तक घेऊन, कैद्यांसमोर बसणं, हाच तर आमचा वर्ग.

‘ते राजबंदी होते बाई, हे चोर आहेत,’ असं मला सचिव म्हणाले. मी कुणाची कुणाशी बरोबरी करत नाही. ट्रकची ताडपत्री कापणारा पोरगा टिळक नाही, हे मला सांगावं लागू नये. पण ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्याला ती कुणी वाचावी असं वाटलं असेल? ज्यांच्या घरी आई आहे, संस्कार आहेत आणि वाचनालयाचं कार्ड आहे, फक्त त्यांनीच? साने गुरुजी पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले होते. त्यांच्या तसबिरीखालच्या फळीवर लाल पट्टीची पुस्तकं वेगळी ठेवली आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या मातीतली. ‘बनगरवाडी’ ज्या औंध संस्थानात घडते, त्याच संस्थानात आटपाडीजवळ १९३९ च्या सुमाराला स्वतंत्रपूर उभं राहिलं. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांची, भिंती नसलेली वसाहत. शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरून सुचला, गोष्ट लिहिली गदिमांनी. आपल्या चित्रपट मंडळात तो आपण दाखवला आणि नंतर चर्चाही ठेवली. एवढ्याशा संस्थानाच्या राजाला जे धाडस झालं त्याचा सहस्रांश आपल्याकडे मागितला होता. तोही उसवलेल्या पुस्तकांचा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वार्षिक अहवाल पाहून. ‘सामाजिक उपक्रम’ या मथळ्याखाली पहिलाच परिच्छेद कारागृह वाचनवर्गाचा आहे. तपासणीला अधिकारी आले तेव्हा तो दाखवला गेला. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आला की ‘बाई, आतला एक फोटो मिळेल का?’ असा निरोप यायचा. फोटो काढायला परवानगी नसते हे सांगून मी थकले. ज्या वर्षी उपक्रम बंद केलात त्याच वर्षीच्या अहवालात तो आपली कामगिरी म्हणून छापलात. तो परिच्छेद तरी काढायला हवा होता. त्यात वर्गातल्या माणसांचा अपमान आहे आणि माझाही.

वर्ग थांबलेला नाही. मी घरची पुस्तकं नेते. तीही पुठ्ठे काढलेली. अण्णाभाऊंची ‘फकिरा’ चालू आहे, त्यानंतर बहिणाबाईंची गाणी घ्यायची आहेत. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी लेकानं आणि त्याच्या मावसभावानं उतरवून घेतली, हे सांगितल्यावर ते धनगर बाबा म्हणाले, ‘मग ती आधी घ्या.’ पण माझं घर म्हणजे वाचनालय नव्हे. तिथं प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत आहे आणि माझं वयही आता पिशवी उचलायचं राहिलेलं नाही. गेल्या महिन्यात त्या बारावीच्या पोरानं विचारलं, ‘बाई, वाचनालयवाले आमच्यावर रागावले का? मी पानं नीट लावली नव्हती का?’ मला खरं कारण सांगायची लाज वाटली. आपल्या गावची, आपल्या संस्थेची लाज. मी म्हटलं, ‘पानं नीट लावली होतीस.’

माझ्या मागण्या साध्या आहेत. लाल पट्ट्या काढा आणि ती पुस्तकं आपापल्या जागी लावा. बांधणीला काढलेली पुस्तकं पूर्वीसारखी वर्गाला द्या. हरवतील त्यांची किंमत माझ्या अनामत रकमेतून वळती करा, ती कमी पडली तर मी भरीन, तसं लेखी देते. हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या आणि मला दहा मिनिटं बोलू द्या. माझ्यासोबत ती ‘बनगरवाडी’ असेल, हातानं लिहिलेली पानं प्रत्येकानं पाहावीत.

आणि सभासद बंधु-भगिनींनो, सर्वसाधारण सभेला आपण दरवर्षी कोरमपुरतेही जमत नाही, अर्धा तास थांबून तहकूब सभा घ्यावी लागते. या वेळी या. ठराव मांडायला मी उभी राहीन. अनुमोदन द्यायला एक हात लागेल, आणि मतदानाला तुमचे.

आपली,
वाचनालयाची एक आजीव सभासद आणि निवृत्त शिक्षिका